विहिरीची हवा

इमारतीच्या मधोमध चारी बाजूंनी कोंडलेली जी उभी पोकळी होती, तिला नकाशात ‘प्रकाश व वायुवीजन मार्ग’ असे भारदस्त नाव होते. तिथे राहणारे लोक तिला विहीर म्हणत. डॉक्टरीणबाईंच्या मते या दोन नावांपैकी दुसरे अधिक शास्त्रीय होते. चहूकडे भिंत, तळाशी कायमची ओल, वर आभाळाचा हातरुमालाएवढा तुकडा आणि मधली हवा पाण्यासारखी साचलेली. फरक इतकाच, की विहिरीतले पाणी निदान उपसता येते. प्रत्येक घराची आतली खोली, म्हणजे झोपायची खोली, याच विहिरीकडे तोंड करून होती.

डॉक्टरीणबाई औषधपाण्याच्या डॉक्टर नव्हत्या. त्यांची पदवी भौतिकशास्त्रातली आणि विषय बंद जागांमधल्या हवेचा. हे त्यांनी जिन्यात अनेकदा समजावून पाहिले होते. “हवेच्या डॉक्टर? बरं बरं,” म्हणत समोरचा माणूस गुडघा पुढे करीच. अखेर त्यांनी “चालत राहा” असे सांगायला सुरुवात केली. बहुतेक गुडघ्यांना ते मानवते आणि त्याने अपाय झाल्याचा पुरावा नाही.

काही वर्षांपूर्वी क्षयाने पोखरलेली एक जुनी वस्ती पाडून तिथल्या माणसांना या इमारतीत आणले होते. नळ आला, फरशी आली, घरात संडास आला. काही दिवसांनी क्षयही आला, आणि तो खालच्या मजल्यांवर मुक्कामाला राहिला. अधिकारी म्हणत, लोकांनी तो सामानासोबत आणला. डॉक्टरीणबाई म्हणत, आणला असेलही, पण त्याला राहायला खोली कोणी दिली? हे वाक्य ऐकणाऱ्याला फार आवडे, आणि म्हणूनच त्यांचा त्यावर पुरता विश्वास नव्हता. कारण त्यात एक गोम होती. घरांचे वाटप करताना कुणा सहृदय माणसाने आजारी आणि म्हाताऱ्या लोकांना मुद्दाम खालचे मजले दिले होते, जिना चढायला नको म्हणून. मग खाली आजार जास्त तो विहिरीमुळे, की आजारी माणसेच खाली ठेवल्यामुळे? रोग्यांची संख्या याचे उत्तर देऊ शकत नव्हती. कोणीतरी चांगुलपणा केला होता आणि त्या चांगुलपणाने पुरावा नासवला होता.

उत्तर मिळवायची घाई होती. रस्त्यापलीकडे याच नकाशाच्या सात नव्या इमारतींसाठी खड्डे खणून झाले होते. डॉक्टरीणबाईंची मागणी एवढीच होती, की विहिरीची एक बाजू वरपासून खालपर्यंत मोकळी सोडा, म्हणजे हवा येईल आणि जाईल. त्यासाठी प्रत्येक मजल्यावरची एक खोली जात होती. एकदा पाया भरला की ही मागणी केवळ एक मत म्हणून उरणार होती.

यात त्यांचा जीव गुंतायला आणखी एक कारण होते, जे त्यांनी पहिल्याच बैठकीत गृहनिर्माण कार्यालयाला सांगून टाकले होते. पहिल्या मजल्यावर त्यांची सख्खी मावशी राहत होती. आई गेल्यावर त्यांना वाढवले ते तिने. तिची सून मागच्या वर्षी क्षयातून उठली होती, मूठमूठ गोळ्या खाऊन. आता मावशीचा मुलगा, सून आणि दोन पोरे यांना नव्या सात इमारतींपैकी एकीत घर मिळणार होते. सून बरी झाली होती. तिने पुन्हा एका विहिरीच्या काठी झोपायला जायचे की नाही, एवढाच प्रश्न होता.

हवा मोजायचे यंत्र साबणाच्या वडीएवढे होते. खोलीतल्या हवेत माणसांनी सोडलेला श्वास किती साठला आहे, हे ते एका आकड्यात सांगे. बाहेरच्या मोकळ्या हवेत चारशेच्या आसपास. हजाराच्या वर गेला, की तुम्ही शेजाऱ्याचा उष्टा श्वास घेत आहात असे समजावे, आणि तो शेजारी खोकणारा असेल तर अधिकच गांभीर्याने समजावे. खालच्या तीन मजल्यांवरच्या घरांत आठवडाभर ही यंत्रे ठेवायची होती. सुरुवात मावशीपासून झाली.

“हे कुठं ठेवू गं, चिमे?” मावशीने यंत्र दोन्ही हातांनी धरले होते, जसे काही ते रांगायला लागेल.

“आतल्या खोलीत. तुम्ही झोपता तिथे, डोक्याच्या उंचीवर. आणि मग विसरून जायचं.”

“विसरायचं कसं? डोळा लुकलुकतोय त्याचा.”

“वन्सं,” सून स्वयंपाकाच्या ओट्यावरून म्हणाली, “हे आमचं बोलणं ऐकतं का?”

“नाही. फक्त हवा मोजतं.”

“मग बरं. आईंचं बोलणं ऐकलं असतं, तर पहिल्याच दिवशी जळालं असतं.”

“जळायला तुझी आमटी आहे की,” मावशी म्हणाली आणि हसता हसता खोकली. खोकला संपायला जरा वेळच लागला. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिले. मावशीने खिडकीकडे पाहिले.

“धुळीचा आहे,” ती म्हणाली.

“तपासून घे.”

“तू डॉक्टर आहेस का?”

“नाही.”

“मग झालं तर.”

आठवड्याने आकडे आले आणि ते उत्तम होते. उत्तम म्हणजे संशय यावा इतके. खालच्या मजल्यांवरची हवा जवळपास डोंगरमाथ्यावरची ठरत होती. कार्यालयाच्या मुख्य अभियंत्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. ते दुष्ट गृहस्थ नव्हते. त्यांना इमारती वेळेत पुऱ्या करायच्या होत्या आणि त्यात खोल्या हव्या होत्या, कारण बाहेर ताडपत्रीखाली राहणारी माणसे त्यांनाही दिसत होती.

“बाई, यंत्रं तुमची. आकडे तुमचे. ते म्हणतात, इमारत ठणठणीत आहे.”

“यंत्रं तपासते. मला हे आकडे पटत नाहीत.”

“वाईट आले असते, तर पटले असते?”

प्रश्न रास्त होता आणि तो त्यांनी स्वतःला आधीच विचारला होता. नावडत्या आकड्यावर घ्यायचा तेवढाच संशय आवडत्यावरही घ्यायचा, हे त्या विद्यार्थ्यांना शिकवत. त्यांनी सगळी यंत्रे गच्चीवर मोकळ्या हवेत ठेवून पाहिली. एकही यंत्र खोटे बोलत नव्हते. तेव्हा यंत्रे सोडून डॉक्टरीणबाई माणसांकडे गेल्या, दुपारी, न सांगता.

मावशीच्या आतल्या खोलीची खिडकी बंद होती. नुसती बंद नव्हे, तिच्या कडांना चिकटपट्टी लावली होती आणि काचेवर जाड प्लास्टिक ताणले होते. खोलीत दिवा लागला होता. गाद्यांच्या वळकट्या छताच्या दिशेने निघाल्या होत्या. त्या कोंदट उबेत मावशी आडवी पडली होती आणि जमिनीवर तिचा धाकटा दीर, त्याची बायको आणि कुणाची तरी झोपलेली दोन पोरे होती.

“ही खिडकी अशीच असते?”

“मग कशी असणार? उघडली, की वरच्यांचं सगळं आत. पाणी, केस, फोडणीचा वास, नवराबायकोची भांडणं. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात काय चाललंय, ते त्यांच्या आधी आम्हाला कळतं.”

“आणि मागच्या आठवड्यात?”

“छे, तेव्हा उघडी होती की!” मावशी उठून बसली. तिच्या तोंडावर तेज आले. “सताड. तुझं यंत्र होतं ना. सगळ्या जिन्याला मी सांगून ठेवलं होतं, आमच्या चिमीची परीक्षा आहे, कुणी नाक कापायचं नाही. खिडक्या उघड्या, दारं उघडी. भावजींना म्हटलं, आठ दिवस लेकीकडं जाऊन राहा. समोरच्यांनी पुतणे गावाला धाडले. आणि यंत्र बाहेरच्या दारापाशी ठेवलं, स्टुलावर, वाऱ्याला. खाली क्रोशाचा रुमाल घातला होता.”

“मी आतल्या खोलीत सांगितलं होतं.”

“अगं, पाहुण्याला कुणी गाद्यांत बसवतं का?” मग तिने आवाज खाली आणला. “पास झालो ना आम्ही?”

डॉक्टरीणबाई दाराच्या चौकटीला टेकल्या. संताप कुणावर करावा हे ठरेना. त्यांच्या लक्षात यायला हवे होते. या माणसांची उभी हयात तपासण्या देण्यात गेली होती. घर मिळण्याआधी कुणी येऊन डोकी मोजली, कुणी मोरी हुंगली, कुणी विचारले, हा पुतण्या खरा की भाडेकरू. तपासनीस आला, की जास्तीची माणसे मागच्या जिन्याने बाहेर काढायची, फरशी पुसायची आणि हसायचे, ही त्यांची विद्या होती. ती त्यांनी त्या लुकलुकत्या डोळ्यापुढे मनापासून वापरली होती. यंत्र इमारतीची परीक्षा घेत आहे, आपली नाही, हे त्यांना सुचणे शक्य नव्हते. आजवर कुणी इमारतीची परीक्षा घेतलीच नव्हती.

“मावशी, तुम्ही पास झालात,” त्या म्हणाल्या, “आणि तुमच्या पास होण्यावर आता पलीकडे सात विहिरी खणल्या जाणार आहेत.”

मावशीचा चेहरा हळूहळू उतरत गेला. सून दारात उभी होती.

मुख्य अभियंत्यांनी आणखी एक आठवडा दिला. “शेवटचा,” असे म्हणाले, आणि तेही हसून. डॉक्टरीणबाईंनी मग सगळ्या खालच्या मजल्यांना जिन्यात गोळा केले आणि एका पायरीवर उभ्या राहून त्या बोलल्या. जसे रोज राहता तसेच राहा. कुणाला गावाला धाडू नका. यंत्र गाद्यांपाशी ठेवा. आम्हाला चांगला आकडा नको, खरा हवा. इथवर सगळे बिनचूक होते. पण लोकांच्या चेहऱ्यावर अजून ती परीक्षेची भीती दिसत होती, आणि ती घालवावी म्हणून त्यांनी एक वाक्य जोडले. आकडा चांगला आला, तर नव्या इमारतीही अशाच होतील. वाईट आला, तर कदाचित होणार नाहीत.

प्रयोगातल्या माणसांना प्रयोगाचे हवे ते उत्तर सांगू नये, हे त्या पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर लिहून देत. जिन्यात फळा नव्हता.

दुसऱ्या आठवड्याचे आकडे रोजच्या रोज थेट कार्यालयात पोहोचतील अशी सोय केली होती, म्हणजे नंतर कुणी शंका घ्यायला नको. आकडे आले. ते पाहून डॉक्टरीणबाईंना पहिल्यांदा झाला तो आनंद. आणि लगेच त्या आनंदाचा त्यांना संशय आला. हवा इतकी वाईट, की काही घरांत यंत्राची मोजण्याची मर्यादाच संपली होती. आलेखाची रेघ वर चढून छताला चिकटल्यासारखी सपाट झाली होती. माणसे कामाला जातात तेव्हाही ती उतरत नव्हती. राहत्या घराची रेघ अशी नसते. ती चढते, उतरते, दुधाच्या वेळी वळते, शाळेच्या वेळी पडते. ही रेघ कुणी तरी दाबून धरली होती.

मावशीच्या आतल्या खोलीचे दार आतून लावलेले होते, आणि फटीत ओले फडके कोंबले होते. ठोठावल्यावर बराच वेळ कुजबुज झाली. दार उघडले तेव्हा वाफाऱ्यासारखी ऊब अंगावर आली. आत जिन्यातल्या झाडून साऱ्या बायका मांडीला मांडी लावून बसल्या होत्या आणि लसूण सोलत होत्या. मधोमध एका उशीवर यंत्र. समोरची वहिनी त्याच्यावर ओणवी झाली होती.

“जवळून सोडा, जवळून,” मावशी तिला सांगत होती. “पोटातून. हं!” मग तिला भाची दिसली. घामाने डबडबलेल्या चेहऱ्यावर विजय होता. “काय गं, पुरेत का? का अजून हवेत? वरच्या मजल्यावरच्या तिघी तयार आहेत. त्यातली एक जाड आहे, तिचा श्वास मोठा.”

“तिला बोलावूच नका,” कुणीतरी म्हणाले, “ती आली, की लसूण कमी भरतो.”

खोली हसली. मग खोली खोकली, एकीपासून दुसरीकडे जात जात, आणि सगळ्यांत शेवटी मावशीचा खोकला थांबला.

“वन्सं, मी म्हटलं होतं आईंना,” सून कोपऱ्यातून म्हणाली. तिच्याही पुढ्यात लसणाची पाटी होती. “म्हटलं, त्यांनी खरा आकडा मागितलाय.”

“मग खोटा आहे का हा?” मावशी उसळली. “आम्हीच सोडलाय ना श्वास? दुकानातनं आणलाय?”

याला उत्तर होते. पण ते द्यायला लागणारी शांतता डॉक्टरीणबाईंकडे नव्हती. त्यांनी पुढे होऊन चिकटपट्टी ओढून काढली आणि खिडकी उघडली. विहिरीतून आली ती हवा नव्हती, नुसता वास होता. “आधी चांगुलपणा करून बिघडवलंत, आता मदत करून बिघडवलंत,” त्या म्हणाल्या. “मला एकदा, फक्त एकदाच, तुम्ही कुणीही काहीही न करता बसाल का?”

बायका आपापल्या पाट्या उचलून निघून गेल्या. जिन्यात कुणीही गुडघा दाखवला नाही.

बैठक दोन दिवसांवर होती. घरे उपयोगाची राहिली नव्हती. तिथे आता यंत्र नेले, की काही ना काही नाटक होणारच. डॉक्टरीणबाईंना अशी जागा हवी होती जी कुणी नटवू शकणार नाही आणि कुणी बिघडवू शकणार नाही. त्यांनी सकाळी गच्ची गाठली, कपडे वाळत घालायच्या दोरीला ठरावीक अंतरावर यंत्रे बांधली आणि ती माळ विहिरीत सोडली.

सून वर आली होती. तिने दोरीचे दुसरे टोक धरले.

मजल्यामजल्यावर खिडक्या किलकिल्या झाल्या. “लागलं का पाणी?” कुणी तरी खालून ओरडले. “हळू सोडा, तळाला जाऊबाई आहेत!” पहिल्या मजल्याच्या जरा वर दोरी कपडे वाळत घालायच्या एका काठीला अडकली. पहिल्या मजल्यावरून मावशीचे डोके बाहेर आले, मग हात आला, हातात झाडू होता. झाडूच्या दांड्याने तिने गुंता सोडवला आणि वर भाचीकडे न बघता खिडकी अर्धवट ओढून घेतली. त्यानंतर कुणीही काहीही केले नाही. करण्यासारखे काही नव्हतेच. विहिरीला पाहुणा म्हणून काय वाढणार?

माळ रात्रंदिवस लटकली. दुसऱ्या सकाळी आकडे इतके सरळ होते, की डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा तपासले. वरच्या टोकाला मोकळी हवा. तिथून खाली प्रत्येक मजल्यागणिक ती जड होत गेलेली, आणि तळाच्या दोन मजल्यांपाशी जवळपास न हललेली. वरच्या माणसांनी टाकलेले श्वास खालच्यांच्या खिडकीशी येऊन थांबत होते. खिडकी उघडली तरी शिळे, बंद केली तरी शिळे. सजवलेले नाही, फुगवलेले नाही. त्यांना वाटले, आता झाले.

बैठकीत मुख्य अभियंता आधीच येऊन बसले होते. शेजारी वास्तुविशारद होते, ज्यांनी मूळ नकाशा काढला होता. निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. अभियंत्यांपुढे दुसऱ्या आठवड्याचे आलेख पसरले होते.

“बाई, या आधी,” ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. “हे मी काल पाहिलं. खरं सांगू? घास उतरला नाही. माणसं या हवेत झोपतात? तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं. एक बाजू सोडायची म्हटली, तर खोल्या जातील, जाऊ देत. मी वर बोलतो.”

वास्तुविशारदांनी मान वर केली. टेबलावर नकाशा होता आणि त्याच्यावर पेन्सिल तयार होती.

डॉक्टरीणबाईंनी हे सगळे उभ्याउभ्याच ऐकले. काहीही करायचे नव्हते. नुसते बसायचे होते. सुनेची खोली त्या पेन्सिलीच्या टोकाशी होती. पण मर्यादेला चिकटलेली ती सपाट रेघ उद्या कुणीही जरा लक्ष देऊन पाहिली असती, तर त्यांच्यासारखाच प्रश्न त्याने विचारला असता. आणि मग खोटा आकडा पडताना खऱ्यालाही घेऊन पडला असता. हे कारण त्यांनी स्वतःला दिले. खरे कारण याहून साधे होते. त्यांना ते जमत नव्हते.

“तो आकडा धरू नका,” त्या म्हणाल्या. “तो बनवलेला आहे. लोकांनी दारं लावून यंत्रावर श्वास सोडलाय. मला मदत म्हणून.”

खोलीतली हवा बदलली. हे मात्र कोणत्याही यंत्राशिवाय कळले.

“म्हणजे पहिला चांगला, तो खोटा, दुसरा वाईट, तोही खोटा?”

“हो. हा तिसरा खरा आहे.” त्यांनी विहिरीचा आलेख पुढे सरकवला आणि समजावून सांगितला, शांतपणे, एकही विशेषण न वापरता.

अभियंत्यांनी तो नीट पाहिला. त्यांना तो समजलाही. पण काल जो घास उतरला नव्हता, तो आता उतरल्याचे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

“हे सगळं ठीक आहे,” ते म्हणाले, “पण बाई, विहिरीत कुणी राहत नाही.”

“तिथूनच श्वास घेतात, साहेब.”

“घरातला खरा आकडा तुमच्याकडे नाही. आहे का?”

नव्हता.

वास्तुविशारद हळूच म्हणाले, की मूळ नकाशात ती बाजू मोकळीच होती, नंतर तिथे खोल्या आल्या. मग अभियंत्यांना तोडगा सुचला आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. सातांपैकी एक इमारत मोकळ्या बाजूची बांधायची. सहा आहेत तशा. काही वर्षांनी दोन्हींकडचा आजार मोजायचा. “तुम्हालाच तर तुलना हवी असते ना?”

ती योजना निर्दोष होती. याहून चांगला प्रयोग त्या स्वतःही रचू शकल्या नसत्या, आणि नेमके हेच असह्य होते. सहा इमारतींत माणसे तुलना म्हणून झोपणार होती. संतापाने त्यांचे कान तापले; पण तापल्या कानांच्या मागे सवय नेमाने आपले काम करीत होती, आणि तिने जी एक त्रुटी पाहिली ती बोलूनही टाकली.

“मग घरांचं वाटप चिठ्ठीने व्हायला हवं. पूर्ण. ओळख नाही, वशिला नाही, आजारी म्हणून सवलत नाही. नाहीतर मागच्यासारखाच घोळ होईल आणि काहीच सिद्ध होणार नाही.”

“मान्य,” अभियंते म्हणाले आणि लगेच टिपून घेतले. बैठकीतला हा एकमेव निर्णय होता जो पुरता डॉक्टरीणबाईंच्या म्हणण्याप्रमाणे झाला.

बाहेर जिन्यात वास्तुविशारद त्यांच्या बरोबरीने उतरत होते. “तुम्ही गप्प राहिला असतात, तर,” ते म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडून पुढे गेले. खालच्या वळणावर पोहोचल्यावर डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आले, की आपण त्या चिठ्ठ्यांच्या डब्यात सुनेचेही नाव टाकून आलो आहोत.

संध्याकाळी मावशीने दार उघडले. लसणाच्या प्रसंगानंतर त्या दोघी बोलल्या नव्हत्या. मावशीने पाण्याचा पेला पुढे केला. समेट व्हायला तेवढे पुरले. डॉक्टरीणबाईंनी सगळे सांगितले. सातांत एक मोकळी, वाटप चिठ्ठीने.

मावशीने हिशेब लावला. तिला वेळ लागला नाही. “म्हणजे एकीत चांगली हवा आणि सहांत आमच्यासारखी.”

“असं सिद्ध व्हायचंय.”

“तुला माहितेय की.”

“मला वाटतं. माहीत असणं वेगळं.”

“बरं, वाटतं.” मावशी जवळ सरकली. “चिमे, त्या साहेबाशी तुझी उठबस आहे. सूनबाईचं नाव त्या एका इमारतीत घालायला सांग. एवढी एक गोष्ट. मी कधी काही मागितलं का तुझ्याकडं?”

खरेच, कधीच मागितले नव्हते. डॉक्टरीणबाईंनी पेला खाली ठेवला.

“नाही सांगता येणार.”

“का?”

“कारण अट मीच घातलीय.”

मावशीने भाचीकडे पाहिले. हिला वाढवताना आपले नेमके काय चुकले, असा तो चेहरा होता. मग ती काही बोलणार तोच सून आतून आली. तिने सगळे ऐकले होते. या घरात न ऐकणे शक्यच नव्हते.

“राहू द्या, आई,” ती म्हणाली. “सातांत एक म्हणजे अगदीच काही नाही असं नाही. तुमच्या मुलाच्या स्थळापेक्षा बरा जुगार आहे हा.”

मावशी हसली नाही. खोकला मात्र आला. डॉक्टरीणबाई तो संपेपर्यंत थांबल्या.

“उद्या तुला दवाखान्यात नेते. खऱ्या डॉक्टरकडे.”

“ने,” मावशी म्हणाली. ती इतक्या सहज कबूल होईल असे कुणालाच वाटले नव्हते.

निघण्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून एक यंत्र काढून मावशीच्या हाती दिले. अभियंत्यांनी म्हटले होते, घरातला खरा आकडा तुमच्याकडे नाही. तो आता उशिरा का होईना, मिळवायचा होता. मावशी यंत्र घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिने ते गाद्यांच्या वळकट्यांपाशी, डोक्याच्या उंचीवर ठेवले. क्रोशाचा रुमाल तिने हातात घेतला होता, तो परत ठेवून दिला. मग तिचे लक्ष त्या दिवशी भाचीने ओढून काढलेल्या चिकटपट्टीकडे गेले. खिडकी पुरती उघडी नव्हती, पुरती बंदही नव्हती.

“आता हिचं काय करू?” तिने विचारले. “उघडू की लावू? काय हवं ते आताच सांग, नंतर ओरडू नकोस.”

डॉक्टरीणबाई दारात थांबल्या. दोन्ही उत्तरे त्यांना ठाऊक होती. मावशीसाठी कोणते बरे, यंत्रासाठी कोणते बरे. विहिरीकडे पाहता दोन्हींत फारसा फरकही नव्हता.

“रोज असते तशी,” त्या म्हणाल्या.

मावशीने खिडकी ओढून घेतली आणि अंगठ्याने एकेक कड दाबत चिकटपट्टी पुन्हा लावली.